बोटीच्या काळातल्या खाणावळीत एक रात्र

ओडिशात पुरीला बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातलं हॉटेल आहे. तिथं लोक आजही हौसेनं मुक्कामाला जातात. कोकणात तसं काही शोधून सापडणार नाही, कारण कोकण रेल्वेचा सबंध मार्ग सुरू व्हायला १९९८ साल उजाडलं. त्याआधी आमचा चाकरमानी यायचा आगबोटीनं. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत बोट वेंगुर्ल्याला पोचायची, खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला लागायची. पुढची सोय होईपर्यंत पाठ टेकायला आणि दोन घास खायला बंदराकडे खाणावळी असत.

त्यातलीच एक आता नीट दुरुस्त करून राहायला देतात. परवा मांडवी एक्स्प्रेसनं कुडाळला उतरून तिथं मुक्कामाला गेलो. त्या कामाबद्दल लिहायलाच हवं.

भिंती जांभ्याच्या. मधल्या काळात कुणीतरी त्यांना सिमेंटचा गिलावा केला होता. जांभा ओल पितो आणि ती बाहेरही टाकतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, खालच्या हातभर भिंतीला मीठ फुटतं आणि पापुद्रे सुटतात. या लोकांनी सगळा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा केला. मंगळुरी कौलं उतरवून धुतली, फुटकी तेवढीच बदलली. वाळवी लागलेले वासे काढून नवे घातले, पण जुन्या सागवानी खांबांना हात लावला नाही. या कामाला पैसा लागतो आणि त्याहून जास्त लागतो जाणता गवंडी. तो मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

रात्रीचं जेवण पडवीत, पाटावर. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. तिरफळाचा तो झणका बांगड्यासारख्या तेलकट माशालाच शोभतो. वाढणाऱ्या वहिनी सारख्या म्हणत होत्या, "लाजू नकात, पोटभर जेवा." पनीर नव्हतं, नूडल्स नव्हत्या. मला याचं फार मोल वाटतं. भिंती जुन्या ठेवून ताटात दिल्ली वाढली, तर ती दुरुस्ती अर्धीच राहिली असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा घरांची संग्रहालयं करा, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. कोकणातलं बंद घर चार पावसाळ्यांत खचतं. चूल पेटती राहिली, माणसं उतरत राहिली, तर कौल सरकल्याचं त्याच दिवशी कळतं. शिवाय खाणावळ बांधली होती येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायला. ते काम आजही तिला जमतंय, मग काचेच्या कपाटात कशाला घालायची?

आमच्याकडे मात्र उलटंच चाललंय. भाऊबंदकीत घर अडकतं, गळायला लागतं, मग खांब आणि दरवाजे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले जातात आणि जागेवर स्लॅब पडतो. मुंबई-पुण्यात बसलेल्या भावंडांना माझी कळकळीची विनंती आहे. वाटणीचं जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, पण यंदा मिरग लागायच्या आधी वर्गणी काढून छपराची शाकारणी तेवढी करून घ्या.