‘सुई टोचत नाही, मग परवानगी कशाला?’

भाचीच्या एम.ए. मानसशास्त्राच्या ग्रुपवर एक ‘मार्गदर्शन’ फिरतंय: प्रश्नावलीला एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांना इजा होऊ नये हे तपासणाऱ्या समितीची) परवानगी लागत नाही, सही घेतली की संमती झाली, नाव लिहिलं नाही की माहिती गोपनीय, आणि नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न गाळा, म्हणजे भानगड नको. हीच लेकरं आता बीडकडच्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांत फॉर्म घेऊन निघालीत.

नववा प्रश्न विचारतो की, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार गेल्या २ आठवड्यांत किती वेळा आले; ० म्हणजे अजिबात नाही, ३ म्हणजे जवळजवळ रोज. तो गाळून उरलेल्या आठ प्रश्नांचं पीएचक्यू-८ वापरता येतं, एवढं खरं. पण त्यानं समोर बसलेल्या बाईच्या मनातला विचार जात नाही, तुम्हाला कळत नाही एवढंच. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. प्रश्न ठेवायचा तर फॉर्म तिथंच, उठायच्या आधी बघा. नवव्याला शून्य सोडून काहीही असेल तर बाकीचे प्रश्न थांबवा. एकांतात विचारा: काही ठरवलंय का, फवारणीचं औषध घरात कुठं आहे? माणसाला एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तिथूनच लावून द्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं हवं. एवढी तयारी नसेल तर त्या घरी जाऊच नका. संध्याकाळी एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरताना नवव्यापुढं ‘३’ दिसून काय उपयोग?

कमिटीचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याच्या सामाजिक व वर्तनविषयक संशोधनावर वेगळं प्रकरणच आहे. अगदी कमी जोखमीच्या कामाला सूट मिळते, मान्य. ती कमिटी देते, तुमचे गाईड नाही.

आता गोपनीयता. फॉर्मवर नाव नाही, पण गाव, जात, वय ३४, दोन एकर, नवरा कोणत्या साली गेला हे सगळं लिहिलंय. तलाठी एका मिनिटात घर दाखवेल. गावाऐवजी तालुका लिहा, वय गटात टाका, कोणता कोड कोणाचा ही यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

आता सही. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार लागतो. ऊसतोडीच्या फडात मुकादम शेजारी उभा असताना उचल घेतलेला माणूस नाही म्हणेल का? आणि शेतकरी आत्महत्येनंतरच्या १ लाखाच्या सरकारी मदतीच्या पात्र-अपात्रात अडकलेल्या घराला फाईल घेऊन आलेला प्रत्येक जण सरकारी वाटतो. म्हणून फॉर्मवर पहिलं वाक्य हेच लिहा आणि वाचून दाखवा: ‘हे भरल्यानं मदत मिळणार नाही, नाही भरलं तर अडणार नाही.’