ईसीएम बदलण्याची शास्त्रशुद्ध घाई

वीस-पंचवीस वर्षांची गाडी सकाळी शहाण्यासारखी सुरू होत असेल, इंजिन तापले की गचके देऊन बंद पडत असेल आणि पंधरा मिनिटे उभी केल्यावर काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागत असेल, तर आपण विचार मुळीच करू नये. विचार केला की मल्टिमीटर हातात घ्यावासा वाटतो, मल्टिमीटर घेतला की बॉनेट उघडावे लागते आणि बॉनेट उघडले की हात काळे होतात. त्यापेक्षा ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिनचा कारभार पाहणारा कॉम्प्युटरचा डबा गेला, असे एकदाच ठामपणे म्हणून टाकावे. या वाक्याला वजन आहे. ‘अर्थची वायर सैल झाली’ म्हणणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला’ म्हणणाऱ्याभोवती मात्र चार माणसे हळहळत गोळा होतात.

आरोपी म्हणून ईसीएमसारखे सोयीचे पात्र दुसरे नाही. तो बंद डब्यात बसलेला असतो, आत काय चालते ते कोणाला दिसत नाही आणि त्याची बाजू मांडायला कोणी येत नाही. वास्तविक तापल्यावर दगा देणारी मंडळी बॉनेटखाली पुष्कळ आहेत. इंजिन कोठवर फिरले ते ईसीएमला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरच्या गुंडाळीतली बारीक तार उष्णतेने सुटते आणि गार झाली की पुन्हा टेकते. ईसीएमला वीज जोडून देणाऱ्या मेन रिलेच्या पायाशी असलेल्या डाखाला केसाएवढी गोल चीर पडते आणि ती तापल्यावरच उघडते. ही दोन्ही दुखणी थोड्या चिकाटीने रंगेहाथ पकडता येतात, आणि नेमके म्हणूनच त्यांच्या वाटेला जाऊ नये. आजार रेड्याला आणि डाग पखालीला ही उपचारपद्धती फार जुनी आहे, आणि पखालीने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

अर्थच्या वायरीकडे तर चुकूनही पाहू नये. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीकडे आणि इंजिनकडे जाणाऱ्या जाड वायरींचे बोल्ट वीस पावसाळे खाऊन पांढरट-हिरवे झाले, की वीज वाटेतच अडखळू लागते. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ईसीएमच्या अर्थ पिनला लावले, तर निरोगी गाडीत व्होल्टचे काही शतांश दिसतात. एक दशांश ओलांडला की पाणी मुरते आहे असे समजावे. तेथे अर्धा व्होल्ट दिसू लागला, तर ज्या सेन्सरचा अर्थ थेट इंजिनवर बांधलेला आहे त्याच्या ५ व्होल्टांच्या हिशेबात दहा टक्क्यांची चूक शिरते, आणि बिचारा ईसीएम तीच खरी मानून पेट्रोल सोडत राहतो. अशा वेळी ‘या गाडीत आता अर्थ उरला नाही’ असे आपणही म्हणता आणि वायरमनही म्हणतो. दोघांनाही एकमेकांचे पटते, बोलत मात्र दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी असतात.

ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर त्याच्याशी बोलेनासा झाला, तर आपला आनंद गगनात मावू नये. कित्येक गाड्यांत ईसीएम तीन-चार सेन्सरांना मिळून एकाच वाटेने ५ व्होल्ट पुरवतो. त्यांतल्या एकाची वायर कोठे घासून बॉडीला टेकली, की ती वाट शून्यावर येते, सगळे सेन्सर एकदम मुके होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ईसीएम मेल्यासारखा वाटतो. एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे आणि ५ व्होल्ट केव्हा परत येतात ते पाहावे, एवढीच ही परीक्षा आहे. ती फुकट असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

आता एक अडचण कबूल केली पाहिजे. कधीकधी ईसीएम खरोखरच गेलेला असतो. पी०६०१ किंवा पी०६०५ हे कोड आले, म्हणजे तो स्वतःच्याच स्मृतीविषयी तक्रार करू लागला, तर संशय त्याच्याकडे वळवणे रास्त ठरते. (अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीचे झालेले स्कॅनर जोडायचे १६ पिनांचे सॉकेट ज्या गाडीत नाही, तिच्यात कोड वाचायला बहुधा डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या मिचकावण्या मोजत बसावे लागते. ते आपल्यासारख्या घाईतल्या माणसाचे काम नव्हे.) अशा वेळी डबा उघडून पाहण्याचा मोह होईल, तो आवरावा. झाकणाचे चार स्क्रू काढले की १९८०च्या दशकाच्या अखेरीच्या किंवा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या अनेक ईसीएममधून सडक्या मासळीसारखा वास येतो. करंगळीच्या पेराएवढे कपॅसिटर बुडाशी पाझरलेले असतात, त्यांच्याखाली बोर्डावर तपकिरी ओशट डाग पसरलेला असतो आणि तांब्याची एखादी रेघ हिरवी पडून मधेच नाहीशी झालेली असते. जाणकार माणूस ते कपॅसिटर उपसतो, डाग धुतो, तुटलेल्या रेघेवर बारीक तार डाखतो आणि डबा पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. ‘डबा दुरुस्त करून घेतला’ हे वाक्य सांगायला मात्र अगदीच मिळमिळीत आहे.

म्हणून जुन्या गाडीतून काढलेला दुसरा ईसीएम आणावा. आणताना एवढेच पाहावे की सॉकेट बसते. लेबलावरचे लांबलचक आकडे हे कारखान्याचे खासगी प्रकरण आहे. त्यांतला शेवटचा आकडा बदलला की आतला प्रोग्राम मॅन्युअल गिअरऐवजी ऑटोमॅटिकचा निघू शकतो, पण लेबल वाचायचे तर चश्मा शोधावा लागतो. आणलेला ईसीएमही आपल्या ईसीएमच्याच वयाचा असतो आणि त्याच्यातले कपॅसिटरही त्याच साली बसवलेले असतात, ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये. गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडली, तर तो इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारा चोरीविरोधी पहारेकरी होय. युरोपात नव्या मोटारींना तो १९९८पासून सक्तीचा झाला, आणि आपल्या चावीची ओळख बहुधा जुन्या ईसीएमच्या आठ पायांच्या एका चिमुकल्या स्मृती-चिपमध्ये जपलेली असते. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या डब्यात हलवता येतो. या कारणास्तव जुना डबा त्याच दिवशी भंगारात देऊन मोकळे व्हावे.

नवा ईसीएम बसवण्यापूर्वी जुना कशाने मेला याची चौकशी करणे असभ्यपणाचे आहे. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या सामान्य इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो. एखाद्याची गुंडाळी आतल्या आत शॉर्ट होऊन तो एक-दोन ओहमवर आला, की त्याला चालवणारा ईसीएममधला ट्रान्झिस्टर जळतो. हा इंजेक्टर जागच्या जागी ठेवून नवा डबा जोडला, तर चावी फिरवल्यावर काही क्षणांतच पहिल्यासारखाच जळका वास येतो आणि आपले निदान बरोबर होते याची खात्री पटते: ईसीएम गेला. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या दोन्ही डब्यांत एकच ट्रान्झिस्टर, एकाच जागी काळा पडलेला होता, आणि मी तो योगायोग समजलो.

प्रोग्राम भरून घेण्याची वेळ आलीच, तर बॅटरी दमलेली असावी, रेडिएटरचा पंखा चालू असावा आणि बाहेरून स्थिर वीजपुरवठा जोडण्याचा भित्रेपणा करू नये. लिहिणे अर्ध्यावर असताना व्होल्टेज कोसळले की ईसीएम निकामी होतो, त्याची वीट होते. जुनी गाडी उतारावर उभी करताना चाकामागे ठेवायला ती उपयोगी पडते.

तिसऱ्या ईसीएमनंतर गाडी विकावी. घेणारा माणूस बहुधा कमी उत्साही असतो; तो बॅटरीचा ट्रे उचलील, खालचा हिरवा पडलेला बोल्ट काढून काचकागदाने घासील, एक इंजेक्टर बदलील आणि गाडी घेऊन निघून जाईल. गाडी छान चालली आहे हे सांगायला त्याचा फोन येईल. तो उचलू नये.