मंगळावरचे किरण आणि रात्री बंद ठेवलेला फोन

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश नव्याने फिरू लागतो: ‘आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळेत मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण पृथ्वीवर येणार आहेत, मोबाइल बंद करा, जवळ घेऊन झोपू नका, नासा आणि बीबीसीची बातमी आहे, सर्वांना कळवा.’ माझ्या मावशीने तो वाचून फोन बंद केला, फडताळात ठेवला, आणि रात्रपाळीला गेलेला तिचा मुलगा पहाटेपर्यंत काळजीने फोन लावत राहिला. म्हणून या संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान मंगळाचे. कॉस्मिक किरण, म्हणजे विश्वकिरण, हे मुख्यतः प्रोटॉनसारखे अतिवेगवान विद्युतभारित कण असतात, आणि त्यांना एवढा वेग देणारी कोणतीही प्रक्रिया मंगळासारख्या थंड, खडकाळ ग्रहावर घडत नाही. ‘क्युरिऑसिटी’ या रोव्हरवरचे उपकरण मंगळाच्या पृष्ठभागावर जे प्रारण (रेडिएशन) मोजते, ते बहुतांशी बाहेरून तिथे पोहोचलेले असते. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली आणि वर जावे तसे प्रारण वाढते हे दाखवले. त्याच वर्षी सूर्यग्रहण सुरू असतानाही ते कमी होत नाही असे त्यांना आढळले, म्हणजे त्याचा मुख्य उगम सूर्य नव्हे. स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्यांचे अवशेष हा त्याचा एक महत्त्वाचा उगम मानला जातो.

वेळेचे विधान तर मुळातच टिकत नाही, कारण हे कण सर्व दिशांनी, अहोरात्र येत असतात. वातावरणातील नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर ते आदळले की त्यांतून म्युऑन नावाचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. आडव्या धरलेल्या तळहातातून मिनिटाला शंभरेक. हे डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या भांड्यात वरच्या बाजूला अल्कोहोलमध्ये भिजवलेले जाड कापड लावायचे, भांडे कोरड्या बर्फावर ठेवायचे, खोलीत अंधार करून बाजूने विजेरी मारायची. थोड्या वेळाने तळाशी साचलेल्या धुक्यात पांढरे, बारीक धागे उमटतात आणि क्षणात विरतात. त्यांतले कित्येक धागे विश्वकिरणांच्या वाटा असतात. संदेशात तारीख कधीच नसते, फक्त ‘आज’ असते, हेही लक्षात घ्यावे.

फोनविषयीचे विधान सर्वांत जास्त भीती घालते. मोबाइल रेडिओलहरी सोडतो आणि ग्रहण करतो. त्या लहरी विश्वकिरणांना ओढून घेत नाहीत. फोन चालू असो वा बंद, उशाशी असो वा फडताळात, अंगातून जाणाऱ्या म्युऑनांच्या संख्येत फरक पडत नाही.

नासा आणि बीबीसी ही नावे केवळ वजन आणण्यासाठी घातलेली आहेत. संदेशासोबत मूळ बातमीचा दुवा नसतो.

विश्वकिरणांमुळे काहीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २२ जून २०१५ रोजी सौरवादळाने पृथ्वीचे चुंबकीय कवच काही काळ दुर्बळ झाले, तेव्हा विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या उटीच्या ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात सुमारे दोन तास म्युऑनांची संख्या वाढलेली नोंदवली गेली. ती वाढ टिपायला वायूने भरलेल्या ३,७१२ नळ्यांची म्युऑन दुर्बीण लागली. माणसाच्या शरीराला तिचा पत्ताही लागला नाही. संगणकाच्या चिपमध्ये मात्र एखादा कण साठवलेल्या शून्याचा एक करू शकतो, आणि विमानाच्या उंचीवर, जिथे वातावरणाचे आच्छादन विरळ असते, ही शक्यता वाढते. तीव्र सौरप्रारणामुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने कळवले आणि ए-३२० कुळातील जगभरच्या सुमारे ६,००० विमानांची तातडीने दुरुस्ती करावी लागली. त्यांत आपल्याकडच्या इंडिगो आणि एअर इंडियाचीही विमाने होती. बहुतेक विमानांत उपाय एवढाच होता, की अभियंत्यांनी संगणकाची प्रणाली बदलली. प्रवाशांच्या खिशातल्या फोनशी त्याचा काही संबंध नव्हता.