सेसना लिटरला २० किलोमीटर देते? नाही भाऊ, नाही देत

सध्या एक मेसेज गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून राहिला. वर पांढऱ्या सेसना १७२ चा फोटो आणि खाली मजकूर असा: "चार सीटचं छोटं विमान लिटरला २० किलोमीटर देते. नागपूर ते मुंबई फक्त ३५ लिटर. टाकी फुल केली का चार माणसं सामानासकट १२०० किलोमीटर. हळू उडवा, अजून कमी. उंच उडवा, जवळपास फुकट. पंपावरचं साधं पेट्रोल चालते. मग समृद्धीचा टोल कायले भरता?"

आमच्या इकडे गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून ट्रेनिंगची विमानं धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालत असतात, त्यामुळे लोकांना हे लगेच पटते, पोट्टे शिकून राहिले म्हणजे स्वस्तच असन. मेसेज पूर्ण खोटा असता तर सोडून दिला असता. पण यातले बरेच आकडे कुठून तरी खरे उचललेले दिसतात, फक्त एक या उड्डाणाचा, दुसरा त्या उड्डाणाचा, आणि सगळे एकाच विमानाच्या शेपटीला बांधून टाकले. म्हणून एकेक सोडवून पाहू.

"लिटरला २० किलोमीटर." फोटोतलं मॉडेल १७२ एस धरतो. इंजिन लायकमिंगचं, १८० हॉर्सपॉवर, चार सिलिंडर, जवळपास ५.९ लिटरचं. हो, ५.९, तुमच्या स्विफ्टचं १.२ असते. ७५ टक्के पॉवरवर आठ-साडेआठ हजार फुटांवर हे विमान १२४ नॉट म्हणजे ताशी २३० किलोमीटरनं जाते आणि तासाला साधारण ३८ लिटर पिते. भागाकार करा, लिटरला ६ येते. नागपूर-मुंबई सरळ हवाई अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीवरचं टॅक्सी करणं आणि वर चढणं धरून १२० लिटरच्या खाली काही हे काम होत नाही, आणि वेळ तीन तास. मेसेजमधल्या ३५ लिटरवर निघालात तर मूर्तिजापूरच्या आसपास एखादं मोकळं वावर शोधावं लागन.

मग २० आलं कुठून? माझा अंदाज असा की कोणीतरी सहा-साडेसहाला तीन माणसांनी गुणलं. माणशी हिशोब काढणं चूक नाही, पण मग कारलाही तोच लावा ना, १५ देणारी कार चार जणांत ६० होते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "माझी स्प्लेंडर ६० देते, हे इंजिनच जुनाट आहे." इंजिनचं घराणं १९५० च्या दशकातलं आहे हे खरं. पण एका हॉर्सपॉवरमागे तासाला किती पेट्रोल लागते हे पाहिलं तर मिक्श्चर नीट लीन केलेलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी सोडलेलं, लायकमिंग कारच्या इंजिनपेक्षा फार काही वाईट नाही. फरक कामाचा आहे. कार हायवेवर ९० नं चालताना १५-२० हॉर्सपॉवर मागते, बाकीची ताकद नुसती सोबत फिरते. विमान सलग तीन तास १३५ मागते, कारण अकराशे किलो वजन हवेत धरूनही ठेवायचं आहे आणि २३० च्या स्पीडनं पुढेही न्यायचं आहे. त्याच स्पीडनं कार पळवली तर तिचं एव्हरेज काय राहीन ते सांगायची गरज नाही.

"टाकी फुल, चार माणसं, १२०० किलोमीटर." हा सगळ्यात धोक्याचा मुद्दा, म्हणून याच्यावर थोडा जास्त वेळ घेतो. १२०० हा आकडा कंपनीच्याच कागदातला आहे, १७२ एस ची जास्तीत जास्त रेंज ६३८ नॉटिकल मैल, म्हणजे ११८० किलोमीटर. पण ती १० हजार फुटांवर, फक्त ४५ टक्के पॉवरवर, पावणेसात तासांच्या आसपास उडत राहिलं तर. ७५ टक्के पॉवरवर तीच रेंज ५१८ नॉटिकल मैल म्हणजे ९६० किलोमीटर होते. आणि दोन्हीत टाकी फुल धरली आहे, चार माणसं नाही. कमाल टेकऑफ वजन ११५७ किलो, रिकाम्या विमानाचं वजन ७६० च्या पुढे, उरले ३९५ किलो, यातच माणसं, बॅगा आणि पेट्रोल. वापरता येणारं पेट्रोल २०० लिटर, त्याचं वजन १४४ किलो. म्हणजे माणसांसाठी उरले अडीचशे किलो, तीन जण आणि थोडंसं सामान, बस. चौथ्याला बसवायचं तर पेट्रोल काढा. चार जण सरासरी ७५ किलोचे आणि २० किलो सामान धरलं तर पेट्रोल जेमतेम १०० लिटर भरता येते, त्यातलं अर्ध्या तासाचं राखीव सोडायचं, दिवसाच्या उड्डाणाला तेवढं तरी लागतेच, मग राहते ४०० ते ४५० किलोमीटर. नागपूरहून कसंबसं छत्रपती संभाजीनगर.

म्हणजे चार सीट आहेत आणि १२०० ची रेंज आहे, दोन्ही खरं, एकाच वेळी नाही.

त्यात आपला उन्हाळा. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, पण मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा इतकी पातळ होते की इंजिन आणि पंखांना ती पाच हजार फुटांवरची वाटते. धावपट्टी जास्त लागते, चढणं मंदावते, मग शहाणा पायलट वजन अजून कमी करतो, आणि कमी करायचं म्हणजे बहुतेक वेळा पेट्रोलच.

फक्त रेंजच हवी असेल तर माणसं सोडून पेट्रोल भरा, तेही जगानं करून पाहिलं आहे. डिसेंबर १९८६ मध्ये व्हॉयेजर नावाचं पिस्टन इंजिनचं विमान मध्ये कुठेही पेट्रोल न भरता पृथ्वीला चक्कर मारून नऊ दिवसांनी परत उतरलं. निघताना त्याच्या एकूण वजनातलं ७० टक्क्यांहून जास्त वजन नुसतं इंधन होतं आणि आत जेमतेम दोघं जण.

"हळू उडवा, अजून कमी." हे अर्धं बरोबर, वरचे ९६० आणि ११८० पाहिले की कळते. पण हळूला खालची मर्यादा आहे. स्पीड वाढला की हवेचा अडथळा वाढतो, आणि स्पीड फार कमी केला की विमानाला नाक वर करून लटकत राहावं लागते, तेव्हा दुसऱ्या प्रकारचा अडथळा वाढतो. १७२ एस मध्ये हा तळ ६८ नॉटच्या आसपास, त्याच्या खाली गेलात तर किलोमीटरमागे पेट्रोल उलट जास्त जाते. कार्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं काढलेला हिशोब असा की त्या तळाच्या १.३२ पट स्पीड ठेवा, म्हणजे इथं ९० नॉट, वेळ आणि पेट्रोल दोन्हीचा मेळ बसतो. बाकी बचत पायलटच्या हातात असते, लाल नॉब ओढून मिक्श्चर लीन करणं. चार्ल्स लिंडबर्ग या नावाजलेल्या अमेरिकन पायलटनं १९४४ मध्ये पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या पी-३८ विमानांच्या पायलटांना आरपीएम कमी, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) जास्त आणि मिक्श्चर लीन ठेवायला शिकवलं आणि त्याच टाकीत ती विमानं कितीतरी लांब जायला लागली.

"उंच उडवा, जवळपास फुकट." नाही. हे प्रवासी जेट पाहून सुचलेलं दिसते. साध्या पिस्टन इंजिनची ताकद दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, आठ हजारावर थ्रॉटल पूर्ण उघडा तरी ७५ टक्केच मिळते. वर गेल्यानं तेवढ्याच अडथळ्यात खरा स्पीड थोडा वाढतो, वेळ वाचतो, पण चढायला १०-१२ लिटर आधीच गेले असतात. गोंदिया-नागपूरसारख्या सव्वाशे किलोमीटरसाठी एवढं चढणं म्हणजे नुसता शौक.

"पंपावरचं साधं पेट्रोल." हे करू नका. या लायकमिंगला एव्हीगॅस १०० एलएल लागते, विमानाचं खास पेट्रोल, शिसं असलेलं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे, ते पाणी ओढते, जुन्या रबरी सीलना खाते, आणि लिटरमागे ऊर्जा कमी म्हणजे रेंजही कमी. रोटॅक्स इंजिनच्या दोन सीटच्या हलक्या विमानांना साधं पेट्रोल चालते, पण त्यांनाही १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मंजूर आहे. एव्हीगॅस आपल्याकडे २०२२ पर्यंत बाहेरून यायचं, मग इंडियन ऑइलनं बडोद्याला बनवायला घेतलं, तरी ते प्रत्येक धावपट्टीवर मिळत नाही. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले तेव्हा अहमदाबादला त्यांचं पेट्रोल बैलगाडीवर आलं होतं, छोट्या धावपट्टीवर आजही आधी फोन करून विचारावंच लागते.

डिझेलवाल्यांचा आकडा मात्र चांगला आहे, हे मान्य. ऑस्ट्रो इंजिनचं डायमंड डीए-४० एनजी तासाला २० ते २५ लिटर जेट ए-१, म्हणजे जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन, घेते, लिटरला १० च्या आसपास जाते. अमरावतीच्या बेलोऱ्यातल्या एअर इंडियाच्या ट्रेनिंग स्कूलसाठी मागवलेली पायपरही जेट ए-१ वालीच आहेत. तरी २० नाहीच.

मेसेजमध्ये वाऱ्याचं तर नावच नाही. समोरून २० नॉट वारा असला तर १२० नॉटच्या विमानाला मुंबई पावणेचार तासांवर जाते, आणि येताना तोच वारा पाठीशी असूनही गेलेलं सगळं भरून निघत नाही, कारण विरोधातल्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता.

राहिला टोल. समृद्धी ७०१ किलोमीटर. तेवढ्याला १५ देणाऱ्या कारला ४७ लिटर, चार जण आणि सामानासकट. सेसनाला १२० लिटर, राखीव धरून जरा जास्तच, आणि तेवढं भरल्यावर चौघांचं वजन बसत नाही. लँडिंग आणि पार्किंगचे पैसे मी अजून धरलेच नाहीत.