वॉल्टर ब्रेननच्या तीन ऑस्करबद्दल

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचे आक्षेप तीन: हॉलिवूडचा जुना चरित्र अभिनेता ब्रेनन याची तिन्ही ऑस्कर एक्स्ट्रांच्या, म्हणजे गर्दीत उभं राहणाऱ्या किरकोळ नटांच्या, मतांवर आली, कवळी काढून बोळक्या तोंडाचा म्हातारा रंगवणं एवढंच त्याला येत होतं, आणि त्याच्या राजकारणावर मी पांघरूण घातलं.

राजकारणाचं आधी उरकतो. ब्रेननवरचा माझा लेख 1959 च्या 'रिओ ब्राव्हो' या चित्रपटापाशी थांबतो. नागरी हक्कांच्या चळवळीला त्याचा विरोध, 1968 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज वॉलेससारख्या वर्णभेदवाल्या उमेदवाराला पाठिंबा, हे त्यानंतरचं. लाजिरवाणंच आहे ते, त्याची वकिली मी करणार नाही.

आता एक्स्ट्रा. 1936 पासून सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्या पाचांतले तीन यानेच नेले. एक्स्ट्रांना तेव्हा मत होतं, ते संख्येने भरपूर होते, आणि हा गडी त्यांच्याच घोळक्यातून वर आलेला. त्यांनी त्याला मतं दिली असणारच. पण म्हणून ती मतं हलकी कशी? दिवसभर सेटवर ताटकळत नटांचं काम इतक्या जवळून बघणाऱ्यांची पारख कमी का मानायची? (तिन्हींपैकी 'केंटकी' चित्रपटाचं बक्षीस मात्र मलाही जरा सढळच वाटतं.)

दातांचं म्हणाल, तर ते अपघातात गेले तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. कवळी काढली की वय वीस वर्षांनी वाढायचं, आणि त्याचा फायदा त्याने पुरेपूर उठवला. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने 'रेड रिव्हर'मध्ये तर त्यावरच गंमत रचली: याचा ग्रूट पोकरमध्ये कवळी हरतो आणि ती त्याला जेवणापुरती परत मिळते.

पण 'एकच म्हातारा' म्हणण्याआधी 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' बघा. ब्रेनन त्यात म्हातारा क्लँटन आहे. त्याची पोरं मार्शल वायट अर्पच्या वाटेला जातात आणि मार खातात. म्हातारा अर्पपुढे अगदी अदबीने सारवासारव करतो. अर्प बाहेर पडला रे पडला की त्या घोडमुलांना चाबकाने फोडून काढतो. का, तर पिस्तूल काढलंत आणि माणूस मारला नाहीत! ना लाडिक बडबड, ना विनोद. 'रिओ ब्राव्हो'तला कुरकुरणारा स्टंपी आणि हा माणूस एकाच नटाने केलाय हे सांगावं लागतं.

आणि खरा आक्षेप तर तुमच्या हातून निसटलाच. तिसरं ऑस्कर ज्या भूमिकेला मिळालं, तो 'द वेस्टर्नर'मधला जज रॉय बीन सहाय्यक कुठून? गॅरी कूपर घोडेचोरीच्या आरोपाखाली त्याच्यापुढे उभा, फाशी जवळपास ठरलेली. कूपर थाप मारतो, जज जिच्यावर जीव टाकतो त्या नटी लिली लँग्ट्रीला मी ओळखतो, तिची केसांची बट माझ्याकडे आहे. ते ऐकून त्या खुनशी न्यायाधीशाचा चेहरा सोळा वर्षांच्या पोरासारखा होतो. तिथून पुढे चित्रपट ब्रेननचाच आहे. ही भूमिका सहाय्यक गटात बसवणं बाकीच्या उमेदवारांवर अन्याय होता, असं लिहिलं असतंत तर मी लगेच मान डोलावली असती.