पुण्याचा फ्लॅट आणि मेडिकेअरचं बिल

ऑक्टोबर उजाडला की इकडे न्यूजर्सीत आमच्या सीनियर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच विषय असतात, फराळाची ऑर्डर कुणाला द्यायची आणि सोशल सिक्युरिटी, म्हणजे रिटायर लोकांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे, किती वाढली. २०२६ साठी २.८ टक्के. म्हणजे सरासरी रिटायर माणसाला महिन्याला साधारण ५६ डॉलर जास्त. लगेच हात जोडलेले इमोजी, टाळ्या, कुणीतरी गणपतीचा फोटोही टाकला. मी गप्प बसले, कारण दरवर्षीचा अनुभव आहे की ऑक्टोबरमध्ये देणाऱ्याचं नाव होतं आणि नोव्हेंबरमध्ये मेडिकेअरचा, म्हणजे सीनियर लोकांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, आकडा येतो. तसंच झालं. त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टर, टेस्ट वगैरेचा महिन्याचा हप्ता २०२५ ला १८५ डॉलर होता, २०२६ ला २०२.९०. ५६ मधले जवळजवळ १८ इथेच गेले, आणि बहुतेकांचे ते सोशल सिक्युरिटीतूनच परस्पर कापले जातात, त्यामुळे बँकेत आलेले दिसतच नाहीत. वर वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, २५७ चं २८३.

यात कुणी मुद्दाम वाढवतंय असं नाही हो. कायद्यानेच ठरलंय की पार्ट बी च्या अंदाजे खर्चाचा साधारण चौथा हिस्सा आपण हप्त्यातून द्यायचा, बाकीचा मुख्यतः सरकारी तिजोरीतून. खर्च वाढला की आपला चौथाही वाढणार. पण अंदाज शेवटी अंदाजच! २०२२ ला हप्ता १४८.५० वरून एकदम १७०.१० केला, का तर अॅड्युहेल्म नावाचं अल्झायमरचं नवीन औषध आलं, वर्षाचे ५६,००० डॉलर, ते सगळ्यांना द्यावं लागलं तर काय म्हणून आधीच पैसे धरून ठेवले, वाढीतला जवळपास निम्मा भाग त्याच्यामुळे. मग त्या औषधाची किंमत निम्मी झाली, मेडिकेअरने ते फक्त ट्रायलमधल्या पेशंटना द्यायचं ठरवलं, आणि २०२३ ला हप्ता चक्क कमी झाला, १६४.९०. कमी झालेला हप्ता मी इथे तेवढा एकदाच पाहिलाय.

असो, हे सगळं मला मान्य आहे. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि आपल्या लोकांपैकी पुण्या-ठाण्यात जागा असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून एवढं टाइप करतेय.

२०२३ मध्ये आम्ही कोथरूडचा फ्लॅट विकला. १९९८ ला घेतलेला, मुलं काही तिकडे राहणार नाहीत, भाडेकरूच्या मागे फिरण्याची ताकद राहिली नाही, म्हणून मन घट्ट करून विकला. तिकडचा टॅक्स भरला, टीडीएसचे कागद जमवता जमवता ह्यांचं बीपी वाढलं, मग इकडच्या रिटर्नमध्ये त्या टॅक्सचं क्रेडिट घेतलं आणि वाटलं की सुटलो. सीए म्हणाला ऑल गुड. पुढचं वर्ष मजेत गेलं. आणि २०२४ च्या शेवटी दोघांच्या नावाने एकेक पत्र, की २०२५ पासून तुमचा पार्ट बी चा हप्ता १८५ नाही, २५९. शिवाय औषधांच्या पार्ट डी वर माणशी १३.७० वेगळे. दोघांचे मिळून महिन्याला १७५ डॉलर जास्त, वर्षाला २,१०० च्या वर, म्हणजे पावणेदोन लाख रुपये!

भानगड अशी आहे की जास्त उत्पन्नवाल्यांना जास्त हप्ता, आणि उत्पन्न बघतात दोन वर्षांपूर्वीचं. २०२५ साठी २०२३ चं. नवराबायकोची मर्यादा होती २,१२,००० डॉलर. आमची पेन्शन, सोशल सिक्युरिटी, थोडं व्याज धरून आम्ही त्याच्या निम्म्यातही नसतो, पण फ्लॅटच्या नफ्याचे सव्वा लाख त्यात पडले आणि आम्ही कागदावर श्रीमंत झालो. तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं ते टॅक्समध्ये, उत्पन्नाचा आकडा आहे तिथेच राहतो. हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मर्यादेच्या वर एक डॉलर गेला तरी पुढच्या पायरीचे पूर्ण पैसे, मधलं काही नाही.

फॉर्म भरून अपील करता येतं असं कळलं म्हणून हे फाइल काखेत मारून सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेले, बरोबर मीही. खिडकीवरच्या बाई गोड होत्या, म्हणाल्या नोकरी सुटली का, घटस्फोट झाला का, जोडीदार गेला का? हे म्हणाले ती ही शेजारीच बसलीय. घर विकणं त्या यादीत नाही. परत आलो.

त्या दिवशी हे इतके चिडले की म्हणाले पार्ट बी बंदच करू, तसंही डिसेंबर ते मार्च आपण पुण्यात असतो आणि तिथे मेडिकेअर चालत नाही. ते खरंच आहे, सदाशिव पेठेत पाय मोडला तर ह्या कार्डाचा उपयोग शून्य, तिकडची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. पण सोडून परत घ्यायचं तर पार्ट बी शिवाय काढलेल्या दर पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड, तोही कायमचा. म्हणून मुकाट्याने भरले.

आणि आमचं रडगाणं मी कुठल्या तोंडाने गाऊ, मुलांनी ग्रीनकार्डवर बोलावलेल्या आईबाबांचं बघा. पाच वर्षं राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं, पण इथे काम केलेलं नसेल तर हॉस्पिटलचा पार्ट ए, जो आम्हाला फुकट आहे, त्याचेच २०२६ ला महिन्याला ५६५. अधिक २०२.९०. माणशी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात मुलाला सांगायचीच लाज वाटते.

परवा आमचं २०२६ चं पत्र आलं. २०२४ चं उत्पन्न बघितलं, त्यात फ्लॅट नाही, त्यामुळे दोघांनाही साधे २०२.९०. ग्रुपवर सगळे हप्ता वाढला म्हणून ओरडतायत, आणि इकडे हे ओक ट्री रोडवरून पाव किलो जिलबी घेऊन आले.