डोमेन मिळालं म्हणजे नाव मिळालं असं नाही

नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: कंपनीची नोंदणी झाली, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मिळालं की नाव तुमचं. नेटवर तेच नाव दिसत नसेल तर बिनधास्त पुढे जा. दिसलंच तर एखादं अक्षर बदला, नाहीतर पुढे एक शब्द जोडा. दुसऱ्याचा धंदा वेगळा असेल तर प्रश्नच मिटला. आणि ट्रेडमार्क ही मोठ्या कंपन्यांची भानगड आहे, जम बसला की बघता येईल. अगदीच अडचण आली तर नाव बदलायला कितीसा वेळ लागतो?

मी लेबलं आणि खोकी डिझाइन करते. नाव पक्कं झालं की लोक माझ्याकडे येतात, म्हणजे नाव चुकलेलं असेल तर ती चूक छापून निघते माझ्या हातून. म्हणून हा मेसेज वाचून पुढे सरकणं मला जमत नाही.

पहिला मुद्दा नोंदणीचा आणि डोमेनचा. नावाच्या बाबतीत कंपन्यांच्या रजिस्टरचं मुख्य काम म्हणजे एकाच नावाच्या दोन कंपन्या होऊ न देणं. डोमेन विकणारा बघतो की तो पत्ता रिकामा आहे का, बस. ट्रेडमार्कचा कायदा तिसराच प्रश्न विचारतो: हे नाव बघून किंवा ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्याचा माल समजून घेईल का? पहिल्या दोन ठिकाणी मिळालेला होकार या प्रश्नाचं उत्तर देत नाही. उलट, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचा फायदा उठवण्याच्या वाईट हेतूने घेतलेलं डोमेन आयकॅन या डोमेनांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या १९९९ च्या धोरणाखाली काढूनही घेता येतं.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटतो: "शोधलं, तंतोतंत तेच नाव सापडलं नाही." पण तंतोतंत सारखेपणा हा निकषच नाही. नावं दिसायला, ऐकायला आणि अर्थाने किती जवळ आहेत ते पाहिलं जातं. त्यातही कान फार महत्त्वाचा. मी आता लोकांना एक गोष्ट करायला लावते. एकाने फोनवरून नाव सांगायचं, ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही अशा चार-पाच जणांनी ऐकून लिहायचं. कुणी क साठी के लिहितं, कुणी सी, कुणी क्यू. श चा स होतो, शेवटचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. कागदावर जेवढी रूपं उतरतील तेवढी सगळी ट्रेडमार्कच्या रजिस्टरमध्ये टाकून बघायची. मग अर्थाची पाळी. 'सूर्य' ठेवायचं असेल तर 'सन' आणि स्पॅनिशमधला 'सोल'ही शोधायला हवा. लोगोत पक्षी असेल तर पक्ष्याचाही शोध घ्यावा लागतो. चित्रांसाठी व्हिएन्ना वर्गीकरणाचे कोड असतात, त्यावरून सारखी चित्रं सापडतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे आणि त्यात अनेक देशांच्या नोंदी एका जागी मिळतात. तुमच्या देशाचं रजिस्टर वेगळं बघायचंच.

एवढं करूनही रजिस्टर आज जे दाखवतं ते पूर्ण चित्र नसतं. औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारानुसार एखाद्याने एका सदस्य देशात अर्ज केला असेल तर सहा महिन्यांच्या आत तो दुसऱ्या देशात अर्ज करून पहिल्याच अर्जाच्या तारखेचा हक्क सांगू शकतो. म्हणजे तुम्ही शोध घेतला त्या दिवशी तुमच्या देशात काहीच नव्हतं, तरीही नंतर आलेला माणूस तुमच्या पुढे उभा राहू शकतो. 'मुदत संपली' असा शेरा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. नूतनीकरणाला सवलतीची मुदत असते, आणि मालक ते नाव अजून वापरत असू शकतो. कित्येक देशांत नोंद न केलेल्या पण बाजारात रुळलेल्या नावालाही संरक्षण मिळतं. म्हणून रजिस्टरच्या जोडीला दुकानं, अ‍ॅप स्टोअर, सोशल मीडिया, व्यापारी याद्या हे सगळं चाळायचं.

"एक शब्द जोडा, नाव वेगळं होतं." फाइली ऑनलाइन साठवण्याच्या आपल्या सेवेच्या नावात मायक्रोसॉफ्टने 'स्काय'ला 'ड्राइव्ह' जोडलं होतं. ब्रिटनमधल्या स्काय या प्रसारण कंपनीने दावा लावला, २०१३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या विरोधात निकाल दिला, आणि २०१४ मध्ये स्कायड्राइव्हचं जगभर वनड्राइव्ह झालं. आणि तिथे तर वकिलांची अख्खी फौज होती. जोडलेला शब्द नुसता मालाचं वर्णन करणारा असेल तर लोकांच्या लक्षात मूळ शब्दच राहतो.

"धंदा वेगळा असला की चालतं." यात अर्धं खरं आहे. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची विभागणी करणाऱ्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे, आणि एकच नाव दोन अगदी लांबच्या वर्गांत दोघांकडे असू शकतं. पण वर्ग म्हणजे भिंत नव्हे. साबण वर्ग ३ मध्ये, मेणबत्त्या वर्ग ४ मध्ये, पण दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच भेटखोक्यात. गिऱ्हाईक वर्ग बघून खरेदी करत नाही. शिवाय धंदे सरकतात. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या अ‍ॅपल कॉर्प्सने संगणकवाल्या अ‍ॅपलवर १९७८ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली की संगणकवाल्यांनी संगीतात यायचं नाही. पुढे संगणकातून संगीत वाजू लागलं आणि पुन्हा कोर्ट, १९९१ मध्ये पुन्हा तडजोड. आयट्यून्स आल्यावर तिसऱ्यांदा तेच. हे प्रकरण मिटायला २००७ उजाडलं. पाच वर्षांनी आपण आणखी काय विकणार आहोत हे नाव ठरवतानाच स्वतःला विचारायला हवं.

छोट्यांना कोण विचारतं, याचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. बर्गर किंग १९७१ मध्ये तिथे गेलं तेव्हा ते नाव अ‍ॅडलेडमधल्या एका दुकानाकडे आधीच होतं. तिथली साखळी म्हणून हंग्री जॅक्स या नावाने उभी राहिली. वेळेवर नाव घेतलेला छोटा माणूस एवढ्या मोठ्या कंपनीला थांबवू शकतो, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. काही देशांत आधी वापरणाऱ्याला बळ मिळतं, काही देशांत आधी अर्ज करणाऱ्याला. दुसऱ्या प्रकारच्या देशात "जम बसल्यावर बघू" म्हणणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही.

हे मान्य की कुठलाही शोध शंभर टक्के खात्री देत नाही, आणि पुष्कळ देशांत ट्रेडमार्क नोंदवणं सक्तीचं नाही. पण न नोंदवणं वेगळं आणि न बघणं वेगळं.

राहता राहिलं नाव बदलायला लागणारा वेळ. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या करायच्या. नाव गोड होतं, डोमेन होतं, कंपनी होती. मीही पुढचं काही विचारलं नाही. पहिला माल निघाला आणि वकिलाची नोटीस आली. आधीच्या नावात आणि यांच्या नावात शेवटच्या स्वराचा फरक होता. तीन संध्याकाळी आम्ही दोघी बसलो, त्यांच्या हातात हेअर ड्रायर, माझ्या हातात ब्लेड. लेबल सुटायचं, गोंद काचेला चिकटून राहायचा. झाकणांवर नाव कोरलेलं होतं, ती सगळी टाकून द्यावी लागली. तिसऱ्या रात्री घरी येऊन मी रजिस्टर उघडलं. ते नाव तिथे होतं, वर्ग ४ मध्ये, आमच्या पहिल्या लेबलाच्या दोन वर्षं आधीच्या तारखेचं. सापडायला चार मिनिटं लागली.